आधी थापड, मग हाड

हाड बसवण्याआधी धोंडामाय माणसाच्या कानाखाली मारायची. हलकी नव्हे, सणसणीत. ज्याचा खांदा निखळला आहे किंवा मनगट मोडले आहे, जो आधीच वेदनेने अर्धमेला झाला आहे, अशा माणसाला ती समोर बसवायची. त्याला नाव विचारायची, मग गाव, मग आज घरी कालवण काय होते ते. तो ‘वांग्या’पर्यंत पोचायचा आणि त्याच्या गालावर फाडकन आवाज व्हायचा. तो विरायच्या आत दुसरा आवाज यायचा, बारीक, मांसाच्या आतून आलेला. तो हाड जागेवर गेल्याचा.

माझी तिची पहिली भेट अशीच झाली. आमचे गाव जालन्याहून अंबडकडे जाताना लागते. गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण या हकिकतीतली काही माणसे हयात आहेत आणि आपली बाजू मांडायला ती इथे नाहीत. मी तेव्हा एका अडत दुकानावर मुनीम होतो, अजूनही आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्या वरच्या टोकाला लाकडी खांबावर बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, घासलेटचा दिवा होता. त्या संध्याकाळी तो लागलेला नव्हता. मी दुकान बंद करून घरी येत होतो. एका पायरीचा अंदाज चुकला आणि मी उजव्या हातावर पडलो. मुनिमाचा उजवा हात गेला तर बाकीचे शरीर कशाला उरते, हा विचार मला पडता पडता आला होता, हे मला स्पष्ट आठवते.

मला उचलले ते उस्मान पहिलवानाने. पायऱ्यांच्या शेजारच्या तालमीत तो पोरांना जोर काढायला शिकवायचा, आणि पायऱ्यांवर कोणी पडले की सगळ्यांच्या आधी पोचायचा. त्याने मला उचलून चार पावलांवरच्या एका खोपटात नेले, माझ्या पाठीमागे बसून दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, “माय, घे. मुनीम हाय, जपून.”

खोपटात चिमणी जळत होती. तिच्या उजेडात एक धिप्पाड म्हातारी दिसली. कपाळावर मोठे गोंदण, हातात पितळी गोठ, बोटे लोहाराला शोभतील अशी. तिने माझे मनगट तळव्यावर घेतले आणि विचारले, “मुनीम व्हय? मंग सांग, नऊ साते किती?”

मी म्हणालो, “त्रे”, आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्या वडिलांनीही मला इतक्या जोराने कधी मारले नव्हते. मी गाल धरायला डावा हात उचलला तेव्हा उजवा बसलेला होता. उरलेले ‘सष्ट’ मी मनात म्हटले, ते बरोबर असल्याची खात्री केली, आणि मग रडलो.

“आता रड,” ती म्हणाली. “मारल्यावर रडलं तं चालतं. आधी रडनाऱ्याचं हाड बसत न्हाई.”

तिने उडदाच्या पिठाचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि मला घालवून दिले. मनगट जुळले. किंचित वाकडे जुळले, हेही लिहिले पाहिजे. मी पुढे तिला तसे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “लिहिता येतंय न्हवं? का सोयरीक जमवायची हाय त्या हाताची?”

धोंडामाय धनगराची. तिचा जन्म मेंढरांमागे गेला आणि हाडांची विद्या तिला मेंढरांनीच दिली, असे ती सांगे. नवरा कधीचा वारला होता. मुलगा कळप घेऊन गोदाकाठी गेला तो तिकडचाच झाला. ती मात्र पायऱ्यांपाशी बलदियाच्या पडीक जागेवर खोपट घालून राहिली. हाडाचे ती मोल घेत नसे. हाड जुळले की एक नारळ आणि पसाभर ज्वारी, एवढेच. “मोल घेतलं की हाताला घाई सुटती,” असे तिचे म्हणणे. आणि हाड जुळले नाही तर? “तं येऊन मला हाना. मी बी हानलंय न्हवं.”

थापडीचे कारण मी तिला विचारले होते. ती म्हणाली, “हाड भित्रं असतं मुनीम. हात लावला की मांस त्याला आवळून धरतं. मानूस गालाकडं बघाया गेला की मांस ढिलं पडतं. तेवढ्यात त्याला घरात घालायचं. मी गाल उसना घेते अन् हाड वापस देते.”

ती देवमाणूस नव्हती. तिचा हात गरजेपेक्षा जास्त चाले. आधी दुसरीकडे जाऊन हाड बिघडवून आलेल्यांना ती दोन मारायची. एक हाडासाठी, एक बुद्धीसाठी. बैलाला पराणी टोचणाऱ्या एका गाडीवानाला तिने त्याच्याच पराणीने भर रस्त्यात फोडले होते, आणि त्याला आलेले टेंगूळ शेकायला रात्री त्याच्या घरी गेली होती. एका प्रश्नाला मात्र ती हात उगारूनच उत्तर द्यायची. तिने सगळ्यात पहिले हाड कोणाचे बसवले, हा तो प्रश्न. कोणी म्हणे मेंढराचे. कोणी म्हणे तिच्या नवऱ्याचे, आणि ते मोडलेही तिनेच होते. कोणी म्हणे तिचे स्वतःचे. मी काही म्हणत नसे, कारण मला माहीत नव्हते.

आता दिव्याकडे वळतो, कारण त्याच्याशिवाय ही बाई कळणार नाही.

मी पडलो तेव्हा दिवा फक्त तेलावाचून बंद होता. पुढच्या हंगामात कापसाने ठासून भरलेली एक गाडी वळताना खांबाला घासली. खांब कलला, वरची काचेची पेटी लोंबकळली आणि फुटली. गाडीवान बैल हाकत निघून गेला. हे उस्मानने पाहिले आणि मीही पाहिले. गावातल्या दिव्यांचे काम बलदियाने एका गुत्तेदाराला दिलेले होते. तेल, वात, मोडतोड सगळे त्याच्याकडे. पण करारात एक कलम असे होते की दिवा झिजून बिघडला तर खर्च गुत्तेदाराचा आणि लोकांनी फोडला तर मोहल्ल्याचा. आम्ही गाडीचे सांगत होतो ते कोणी ऐकायला तयार नव्हते, कारण गाडी कोणाची ते आम्हाला सांगता येत नव्हते. गुत्तेदार म्हणाला, खांब आपोआप कलत नाही, अर्थात लोकांनी फोडला. कोणी फोडला ते ठरू द्या, मग बघू.

त्यात चंद्राची भर पडली. चांदण्याच्या पंधरवड्यात दिवे लावायचे नाहीत, तेल वाचवायचे, असा बलदियाचा नियम होता. आम्ही अंधाऱ्या पंधरवड्यात तक्रार करायचो. चौकशीला माणूस यायचा तोवर आभाळात चंद्र आलेला असायचा. तो माणूस मान वर करून बघायचा आणि शेरा मारायचा की सध्या दिव्याची गरज नाही. अवस जवळ आली की तक्रार पहिल्यापासून नवी. पावसाळ्यात चांदण्या पंधरवड्यातही हातभर दिसायचे नाही, पण शेऱ्यात ढग धरत नसत.

आणि माणसे पडत होती. किती पडली ते मी मोजले नव्हते, म्हणून आकडा लिहीत नाही. डोक्यावर घागर घेतलेल्या बाया पडल्या. तालमीतले एक पोर पडले आणि त्याच्या कोपराचे हाड चामडी फाडून बाहेर आले. पाठीवर पोते घेतलेला एक हमाल पडला, पोते त्याच्या मांडीवर आले आणि मांडी मोडली. प्रत्येक वेळी उस्मान उचलून आणायचा, आणि थोड्या वेळाने गल्लीत थापडीचा आवाज यायचा. आमच्या घरात जेवताना तो आवाज ऐकू यायचा. माझी मुले घास हातात धरून थांबायची आणि ओरडणे ऐकू आले की पुन्हा जेवायला लागायची.

हमाल पडल्यावर मी गुत्तेदाराच्या घरी गेलो. बैठकीत तो लोडाला टेकून पान लावत होता. मी सांगितले की गाडीने खांब पाडताना मी स्वतः पाहिले आहे, वाटेल तिथे शपथेवर सांगतो.

“मुनीमजी, तुम्ही हिशेबी माणूस,” तो म्हणाला. “दिवा बंद राहून कोणाचा फायदा, सांगा बरं.”

“कोणाचाच नाही.”

“एकीचा आहे. पायऱ्यांच्या कडेला बसली आहे. माणूस पडला की तिच्या घरी ज्वारी येते. दिवा कोणी फोडला ते मला विचारता?”

मी म्हणालो, “ती पसाभर ज्वारी घेते.”

“पसे पसे करून पोते भरते, हे तुम्हाला मी सांगायचं?”

मी उठलो. पण हे वाक्य माझ्या आधी गल्लीत पोचले. बाजारात ते पसरले, पाणवठ्यावर पसरले. ज्यांची हाडे तिने बसवली होती त्यांच्याही तोंडात ते आले. पोरे तिच्या खोपटावर खडे मारून ओरडू लागली, “दिवा इझला, मायचा धंदा जमला.” ती बाहेर येऊन शिव्या द्यायची आणि पोरे पळायची. एकदा मात्र ती शिव्या न देता आत गेली. उस्मान मला म्हणाला, “मुनीमजी, माय चूप झाली. ये बात अच्छी नै.”

नंतर हमालाचा थोरला भाऊ आला. तो दारू प्यालेला नव्हता; तसे असते तर बरे झाले असते. त्याने गाडीच्या जुवातली शिवळ, बैलाच्या मानेजवळची जाड खुंटी, उपसून आणली होती. धोंडामाय दारात बसून कामट्या तासत होती. “माझ्या भावाला लंगडा केलास, थेरडे,” असे म्हणून त्याने शिवळ तिच्या डोक्यावर घातली. तिने हात आडवा केला. डोके वाचले, डाव्या हाताची दोन बोटे मोडली. आम्ही धावलो तोवर उस्मानने त्याला खाली पाडून छातीवर गुडघा दिला होता आणि तो त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होता. रक्त उस्मानच्या कोपरापर्यंत आले होते. मी उस्मानला ओढले, पण तो हलला नाही. तो थांबला धोंडामायच्या आवाजाने.

“ए उस्मान, दात सोड. दातं मला बसवता येत न्हाईत.”

मग ती खाली बसली. लोंबणारी बोटे मांडीवर ठेवली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत उजव्या हाताने स्वतःच्या गालावर फाडकन मारली. दुसऱ्या क्षणी त्याच हाताने बोटे ओढून बसवली. तिच्या तोंडातून आवाज आला नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते. हमालाचा भाऊ फुटक्या तोंडाने बघत उभा होता. ती त्याला म्हणाली, “दिवा मी न्हाई फोडला. उद्या सकाळी तुझ्या भावाचा लेप बदलायला येते. पाय धराया घरी ऱ्हाय.”

ती गेली. बांधलेल्या बोटांनी तिने लेप बदलला आणि त्याने पाय धरला.

गुत्तेदाराला तेवढ्याने पुरे झाले नाही. ही बाई बलदियाचे सामान फोडते आणि बलदियाच्याच जागेवर राहते, तेव्हा खोपट उठवावे, असे त्याने वरून लिहून आणले. खोपट गेले की दिवा तिनेच फोडला हे आपोआप शाबीत होणार होते, आणि खर्च मोहल्ल्यावर पडणार होता. मी धोंडामायला म्हणालो की काही दिवस माझ्या ओसरीवर चल. ती म्हणाली, “जागंचं काय न्हाई मुनीम, मेंढराच्या संगं जल्म उघड्यावर काढला. पन आता उठले तं दिवा मीच फोडला असं व्हईल. माझी बोटं मोडली ती चालतील. नाव मोडलं तं ते कोन बसवीन?”

गुत्तेदार अवसेच्या संध्याकाळी आला. दिवसा बाजार भरलेला असतो, लोकांदेखत म्हातारीला ओढणे बरे दिसले नसते, म्हणून त्याने ती वेळ धरली असावी. हा माझा अंदाज आहे. बरोबर लाठ्या घेतलेली चार माणसे होती. मी दारात उभा होतो. मला आधी मडकी फुटल्याचा आवाज आला, मग खोपटाचे कूड मोडल्याचा, मग धोंडामायची शिवी. तालमीतून उस्मान आणि त्याची माणसे धावली. त्यानंतर जे झाले ते मी ऐकले, पाहिले असे म्हणता येणार नाही, कारण काहीच दिसत नव्हते. लाठ्या लाठ्यांवर वाजत होत्या, मधूनच एखादी मऊ जागी पडायची आणि कोणीतरी गुरासारखे हंबरायचे. कोणाचे डोके फुटले. कोणी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. आपले कोण आणि परके कोण, हे कोणालाच कळत नव्हते. जो जवळ येईल त्याला मारायचे, एवढेच चालले होते.

त्यात एक लाठी फार जोरात बसली. ओल्या लाकडाची फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि पाठोपाठ ओरडणे आले, “अरे मी आहे रे, हरामखोरा, मी.”

लोक कंदील घेऊन धावले. गुत्तेदार पायऱ्यांपाशी बसला होता. अंगात काळी शेरवानी होती, त्यामुळे अंधारात तो त्याच्याच माणसाला दिसला नव्हता. उजवा हात कोपराखाली वाकडा लटकत होता. मारणारा लाठी टाकून मागे सरला होता. जालन्याच्या दवाखान्यात न्यायचे तर गाडी जुंपण्यापासून तयारी, आणि हाताची बोटे निळी पडायला लागली होती. तिथे जमलेल्या प्रत्येकाला पुढचे ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर सगळ्यांना त्याच्या गालावरची थापड बघायची होती. मलाही.

धोंडामाय मोडलेल्या कुडाशेजारी उभी होती. लुगड्याला चिखल, कपाळावरून रक्ताचा ओघळ. तिने गुत्तेदाराचा हात चाचपून पाहिला.

“बसंल,” ती म्हणाली. “पन अंधारात मला गाल दिसंना.”

लोकांनी कंदील पुढे केले. तिने ते हाताने बाजूला सारले. “ह्यो उजेड लोकायचा हाय. ह्याच्या गालाला ह्याचा उजेड पायजे.”

गुत्तेदार दात आवळून म्हणाला, “उद्या लावतो. शपथ घेतो.”

“मंग हात बी उद्या बसवते. घाई न्हाई.”

“माय, कळ निघते गं. तशीच बसव. थापड नको मारू हवं तर.”

“थापडीबिगर बसवते की,” ती म्हणाली. “पन थापडीबिगर काय व्हतं ते ह्या उस्मानला इचार.”

उस्मान गंभीरपणे म्हणाला, “एकाला बसवलं होतं मायनं तसं. मुतायला लागला बिचारा.”

हे खोटे होते, मला ते तेव्हाच कळले. गुत्तेदाराला कळले नाही. तो त्याच्या माणसांवर ओरडला. दोघे त्याच्या गुदामाकडे पळाले आणि नवी पेटी, काच, वात, तेलाचा डबा घेऊन आले. म्हणजे हे सगळे गुदामात होते. आता खांब सरळ करायचा होता. थोड्या वेळापूर्वी एकमेकांची डोकी फोडणारी माणसे एका बाजूला खांदे लावून उभी राहिली, उस्मान मधोमध. खांब उठला. बुडाशी दगड ठोकायला पहार नव्हती, म्हणून त्याच लाठ्यांनी दगड ठासले. एकाच्या डोक्यातले रक्त खांबावर सांडत होते आणि तो ते धोतराने पुसून पुन्हा ठोकत होता. कित्येक महिने अडलेले काम भात शिजायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात झाले. दिवा लागला. सवयीने सगळ्यांनी त्याला हात जोडले, गुत्तेदारानेसुद्धा डावा हात कपाळाला लावला.

धोंडामायने त्याला दिव्याखाली बसवले. उस्मानने खांदे धरले. गुत्तेदाराने डोळे घट्ट मिटून गाल पुढे केला.

“डोळे उघड. वाट बघनाऱ्याला थापड लागत न्हाई. घरी कोन कोन हाय तुझ्या?”

“बायको, दोन मुली.”

“मोठी केवढी हाय?”

“लग्नाची झाली.”

“चांगलं झालं. दिवा कोनी फोडला?”

“गाडी”, एवढे त्याच्या तोंडून निघाले आणि थापड बसली.

ती कशी होती हे मी लिहू शकत नाही. तिचा आवाज नदीपलीकडे गेला असेल. हाड बसल्याचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. गुत्तेदार शुद्धीवर आला तेव्हा हाताला कामट्या बांधून झाल्या होत्या. पण ‘गाडी’ मात्र सगळ्यांनी ऐकले होते. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होते. गर्दीत हमालाचा भाऊ होता, त्याचे ओठ अजून शिवणीने ओढलेले होते. तो पुढे आला आणि धोंडामायच्या मोडक्या खोपटाचा कूड उभा करू लागला. मग बाकीचेही लागले.

गुत्तेदाराचा हात सरळ जुळला. माझ्यापेक्षा सरळ. हात जुळल्यावर त्याने नारळ आणि ज्वारीचे पोते पाठवले. तिने नारळ ठेवला, वाकड्या बोटांच्या ओंजळीने पसाभर ज्वारी काढून घेतली आणि पोते शिवून परत पाठवले. खोपट उठवण्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. दिवाही त्याच्या गुत्त्याची मुदत संपेपर्यंत रोज लागला, त्याचे माप त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

पुढचा गुत्तेदार आला तो मारणारा नव्हता. तो गोड बोलायचा आणि काही करायचा नाही. वादळात दिव्याची काच उडाली. आम्ही तक्रार केली. चांदणे आले.

धोंडामाय पहाटे पाण्याला जाताना पडली. ज्या पायऱ्यांवरून पडलेल्या सगळ्या गावाला तिने जोडले होते, त्याच पायऱ्यांवर. मी पोचलो तेव्हा उस्मानने तिला खोपटात आणून ठेवले होते. मांडी मोडली होती, पाय बाहेरच्या बाजूला फिरला होता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीभ ठिकाणावर होती.

“उस्मान, तू वढ. मी सांगते तसं. बोटाला माझी मला पुरली होती, मांडीला न्हाई पुरायची. दुसऱ्या कोनी तरी हानाया पायजे.”

उस्मान पहिलवान, ज्याने माणसाचे दात पाडले होते, तो मागे सरला. “माय, मेरेसे नै होता. ओढतो मी. मारणं नै होता.”

तिने माझ्याकडे पाहिले. “मुनीम, तू. मोजूनमापून नको मारू. सगळी मार.”

मी आयुष्यात कोणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. घरच्या मुलांच्याही नाही. मी तिच्या उशाशी बसलो. उस्मानने पाय धरला. तिचे डोळे माझ्या हातावर होते, आणि वाट बघणाऱ्याला थापड लागत नाही हे मी तिच्याचकडून ऐकले होते. काय विचारले म्हणजे ती माझा हात विसरेल? नाव, गाव, कालवण हे तिचेच डाव होते. मग मला सुचले. मी विचारले, “माय, पहिलं हाड कोणाचं बसवलंस?”

तिने हात उगारला नाही. तिची नजर माझ्या हातावरून उठली आणि खोपटाच्या आढ्याकडे गेली, फार लांब. चेहरा सैल झाला.

“माझ्या”, ती म्हणाली.

आणि मी मारली. उजव्या हाताने, तिनेच बसवलेल्या मनगटाने, सगळी. उस्मानने ओढले.

चार दिवसांनी तिला जरा बरे वाटत होते. मी दूध घेऊन गेलो होतो. तिच्या गालावर माझी बोटे अजून निळी दिसत होती. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“आता इचारतोस व्हय?” ती म्हणाली. “तवा सांगून राह्यले होते, तं हानलीस.” आणि पाय दुखेपर्यंत हसली. सांगितले नाही.

तिला ताप भरला आणि हाड जुळायच्या आत ती गेली. हाड चुकीचे बसले म्हणून गेली असे कोणी म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण मी हाडवैद्य नाही.

आता पायऱ्यांवरून कोणी पडले की उस्मान हाड बसवतो. पाहून पाहून त्याला ते आले आहे. मारणे मात्र त्याला अजून जमत नाही. म्हणून संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजते. मी जेवण ठेवून जातो, समोर बसतो, आणि माणसाला त्याच्या मनातले काहीतरी विचारतो. उत्तर पुरे होऊ देत नाही.

दिव्यासाठी अर्ज दिलेला आहे. सध्या चांदणे आहे.